जहाज सुटल्यानंतर

लक्षद्वीपच्या जहाजाचं परतीचं तिकीट हातात आलं की मी आधी तारीख बघते आणि बोटांवर दिवस मोजते. तीन. कधी चार. तेवढ्यात जे करायचं ते करायचं. ज्या मुलाला अजिबात दिसत नाही, किंवा दिसतं पण फळ्यावरचं अक्षर नुसतं डागासारखं दिसतं, त्याच्या शेजारी बसायचं, त्याच्या आईशी बोलायचं, वर्गशिक्षकांशी बोलायचं आणि चौथ्या दिवशी परतीच्या होडीत पाय टाकायचा. मग सहा महिने मधे समुद्र.

आज पहाटे कपाटावरून बॅग खाली काढली. सप्टेंबर सरत आलाय, वारा पडलाय, जहाजं पुन्हा नेमाने सुटू लागतील. बॅग उघडून समोर ठेवली आणि दर वेळी पडतो तोच प्रश्न पडला. यातलं काय तिथे मागे राहील, आणि मी गेल्यावरही चालत राहील?

मी मूळची पुण्याची. अंध आणि अंशतः अंध मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण तिथेच घेतलं. नवऱ्याची नौदलातली नोकरी, बदली कोचीला झाली आणि आम्ही इथलेच होऊन गेलो. इथून बेटांवर जाणारा आमचा एक लहानसा गट आहे. डोळ्यांचे एक डॉक्टर, चष्मे करणारा एक तरुण आणि मी. लक्षद्वीपमध्ये माणसांची वस्ती असलेली बेटं दहा. सगळ्या द्वीपसमूहाची जमीन एकत्र केली तरी ३२ चौरस किलोमीटर भरते. २०११ च्या जनगणनेत इथे ६४,४७३ माणसं होती, आणि त्यातल्या बित्रा या बेटावर फक्त २७१. मी ज्या बेटाबद्दल लिहिते आहे त्याचं नाव मात्र लिहीत नाही. एवढ्याशा जागेत नाव लिहिलं की मूल ओळखू येतं, आणि त्याने मला तशी परवानगी दिलेली नाही.

लोक विचारतात, तुम्ही इतक्या लांब जाता, त्यापेक्षा मुलांनाच इकडे का आणत नाही? इकडे विशेष शाळा आहेत, वसतिगृहं आहेत. आहेत, आणि त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलं घडवली आहेत. पण प्रशिक्षणाच्या काळात एका वसतिगृहात मी एक सहा वर्षांचा मुलगा पाहिला होता. लातूरकडचा. आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा उशाशी घेतल्याशिवाय तो झोपत नसे. त्याला दिवाळीत एसटीने रात्रभरात घरी जाता यायचं. बेटावरच्या सहा वर्षांच्या मुलाला घर गाठायला जहाज लागतं, आणि बंदराबाहेर समुद्र खवळला की जहाजही नाही. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने सहा ते अठरा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत, किंवा त्याला हवी असेल तर विशेष शाळेत, मोफत शिकायचा हक्क दिला आहे. बेटावर जवळची शाळा म्हणजे घरापासून चालत दहा मिनिटं. तिथे त्याची भावंडं जातात, शेजारची मुलं जातात. त्याच वाटेने त्यानेही जावं असं मला मनापासून वाटतं. मुलाने समुद्र ओलांडण्यापेक्षा मी ओलांडलेला बरा.

ओलांडायला चौदा ते अठरा तास लागतात. बऱ्याच बेटांपाशी जहाज धक्क्याला लागत नाही, प्रवाळाच्या भिंतीबाहेर नांगर टाकतं आणि खाली होडी येते. लाट होडीला वर उचलते त्या क्षणी दोन खलाशी दंडाला धरून तुम्हाला खाली देतात. सामान हातोहात जातं. पहिल्या खेपेला माझ्या सामानात पर्किन्स ब्रेलर होता. ब्रेल लिहायचं हे टाइपरायटरसारखं धातूचं यंत्र जवळजवळ पाच किलोचं. ते मी शाळेत ठेवून आले, मोठ्या आनंदाने. सहा महिन्यांनी गेले तर खाऱ्या हवेने कळा अडकलेल्या. दुरुस्त करणारा बेटावर कुणी नाही. ते यंत्र मी तसंच परत आणलं. परतीच्या अठरा तासांत ते पायाशी होतं आणि मला त्याचं फार वाईट वाटत होतं, कारण ज्या मुलीसाठी ठेवलं होतं तिचे सहा महिने त्यात गेले होते.

तेव्हापासून मी ब्रेल पाटी नेते. प्लॅस्टिकची पाटी आणि टोचायला स्टायलस. गंजत नाही, वीज लागत नाही, हरवली तर दुसरी खिशातून नेता येते. कागद म्हणून टेबलावर ठेवायच्या जुन्या दिनदर्शिकांची जाड पानं. ती इथले शेजारी वर्षभर साठवून देतात.

ज्या मुलीसाठी ब्रेलर नेला होता ती आता सातवीत आहे. जन्मापासून दिसत नाही. घरी जेसरी बोलतात, शाळेत मल्याळम, पहाटे मदरशात अरबी. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला मल्याळम लिपी वाचता येत नव्हती, पण मल्याळम ब्रेल वाचता येत होती. हे ऐकून वर्गशिक्षक चकित झाले होते. त्यात माझं काही कौतुक नाही. आपल्या सगळ्या भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली, तेव्हा एका उच्चाराला एकच खूण असं धोरण ठेवलं गेलं. मराठी ‘क’ आणि मल्याळम ‘क’ कागदावर ओळखू येणार नाहीत इतके वेगळे, पण बोटाखाली दोन्ही सारखेच, पहिला आणि तिसरा ठिपका. आपला ‘ळ’ सुद्धा. उजवीकडच्या उभ्या ओळीतले तिन्ही ठिपके म्हणजे ‘ळ’, पुण्यातही आणि या बेटावरही. ज्या अक्षरावरून हिंदी बोलणारे अडखळतात ते अक्षर मला तिच्या कागदावर सापडलं तेव्हा माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

पण मला ब्रेल येते याचा तिला उपयोग तीन दिवस. म्हणून खरं शिकवायचं होतं ते तिच्या सरांना. सहा ठिपक्यांचं तंत्र समजावायला मी अंड्यांच्या ट्रेचा सहा खळग्यांचा तुकडा कापला आणि किनाऱ्यावरच्या कवड्या घेतल्या. पहिल्या आणि तिसऱ्या खळग्यात कवडी ठेवली की ‘क’. सर डोळे मिटून बोटांनी चाचपत बसायचे. संध्याकाळी शाळा सुटल्यावर दोन तास, तीन दिवस. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिचं नाव कवड्यांनी लिहिलं आणि तिने ते वाचलं. मग तिने कवड्या उचलून सरांचं नाव लिहिलं, एकेक अक्षर, आणि मधल्या एका कवडीची जागा चुकली. सरांनी ती चूक बोटाने पकडली. त्या क्षणी मला ठाऊक झालं की आता होडीत बसायला हरकत नाही.

पाटीवर ब्रेल लिहिताना ठिपके कागदाच्या पाठीमागून टोचायचे असतात. म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे, आणि कागद उलटवून वाचायचं डावीकडून उजवीकडे. पुण्यातल्या मुलांना याची सवय व्हायला वेळ लागतो. या मुलीच्या घरात कुणालाच ते अवघड वाटलं नाही. तिचा धाकटा भाऊ मदरशात उजवीकडूनच लिहायला शिकत होता. गंमत अशी, की अरबी ब्रेल मात्र वाचतात डावीकडून. त्यामुळे बहीण पाटीवर लिहिते तेव्हा दोघांचे हात एकाच दिशेने जातात आणि ती वाचायला लागली की उलट दिशेने. तो तिच्या शेजारी बसून ते टक लावून बघत असतो.

त्याच शाळेत चौथीतला एक मुलगा आहे. त्याला दिसतं, पण फार कमी. डॉक्टरांनी तपासलं होतं आणि चष्म्याने सुटेल अशी ती अडचण नव्हती. कुठल्याशा संस्थेने अक्षर मोठं करून दाखवणारं एक यंत्र दिलं होतं. ते कपाटात होतं आणि काचेवर बुरशी चढली होती. मुलगा वर्गात बाकावर डोकं टेकून पडलेला असायचा. आळशी आहे, असं सगळे समजत होते. आईसुद्धा.

मी त्याच्या बाकावर जाऊन बसले, त्याच्याएवढी वाकून. सकाळचे दहा वाजले होते. समोर फळा, फळ्याशेजारी उघडं दार, दाराबाहेर पांढऱ्याशुभ्र प्रवाळ वाळूचं अंगण आणि त्यावर ऊन. माझे चांगले डोळेही दिपले. फळ्यावरचं मला नीट वाचता आलं नाही. हा मुलगा झोपत नव्हता, तो डोळे लपवत होता.

आपण ‘दिसत नाही’ म्हटलं की अंधाराची कल्पना करतो. बेटांवर पुष्कळदा उलटं असतं. उजेडच फार होतो. प्रशांत महासागरात मायक्रोनेशियात पिंगेलॅप नावाचं प्रवाळबेट आहे. १७७५ च्या सुमारास तिथे भयानक वादळ झालं आणि जेमतेम वीसेक माणसं वाचली. त्या थोड्या माणसांच्या वंशात पुढे रंग मुळीच न दिसण्याचा आनुवंशिक दोष पसरला. एरवी तीस-चाळीस हजारांत एखाद्याला असणारा हा दोष तिथे शंभरात पाच ते दहा जणांना आहे. तिथल्या भाषेत त्याला ‘मस्कुन’ म्हणतात, म्हणजे न दिसणं. या माणसांना उन्हात डोळे उघडे ठेवता येत नाहीत, मुलांना फळा वाचता येत नाही. पण दिवस मावळला की ती मोकळी होतात. रात्रीच्या मासेमारीत तर पटाईत. ऑलिव्हर सॅक्स हे मेंदूविकारतज्ज्ञ १९९४ मध्ये तिथे गेले. त्यांच्याबरोबर नॉर्वेचे क्नूट नॉर्डबी होते. नॉर्डबी दृष्टीचे अभ्यासक, आणि जन्मापासून स्वतः त्याच दोषासह जगलेले. त्यांनी तिथल्या लोकांसाठी गडद काचांचे चष्मे नेले होते. मला ही गोष्ट कितीदा तरी आठवते. उन्हात डोळे मिटून घ्यावे लागतात म्हणजे काय, हे ज्याला आपल्या अंगाने माहीत होतं तो माणूस इतक्या लांब गेला आणि बॅगेत त्याने गडद चष्मे भरले.

आमच्या या मुलाला तोच दोष आहे असं मी म्हणत नाही. पण उपाय त्याच वाटेवर होता. गडद चष्मा दिला, पुढे झाप असलेली टोपी दिली. वर्गात टोपी घालायला मनाई होती. सरांनी मुख्याध्यापकांना सांगून ती परवानगी मिळवली. बाक दाराकडे पाठ येईल असा फिरवला. मुलाने मान वर केली. दुपारी पाहिलं तर पुन्हा खाली, कारण ऊन फिरून पश्चिमेच्या खिडकीतून येत होतं. मग त्याला दोन जागा ठरवून दिल्या, सकाळची एक आणि जेवणाच्या सुट्टीनंतरची एक. फळा झिजून करडा पडला होता. त्यावर नवा काळा रंग दिला. या सगळ्याला किती खर्च आला ते सांगायची गरज नाही. पण सहा महिन्यांनी मी गेले तेव्हा ते सगळं चालू होतं, आणि शाळेतली दुसरी कुठलीच मदत तशी चालू नव्हती.

मुलीला पांढरी काठी घेऊन चालायला शिकवायचं होतं. माझ्या पुण्याच्या वहीत रस्ता ओलांडण्यावर पानंच्या पानं आहेत. रिक्षा कुठल्या बाजूने, बस कुठल्या बाजूने, कान कसा लावायचा. इथे त्यातलं बरंच निरुपयोगी. शिवाय साध्या काठीचं टोक वाळूत रुतून बसतं. जाड गोल टोक बसवलं तेव्हा काठी सरकू लागली. पडलेली झावळी, उघडी मुळं, सोललेल्या नारळांच्या सालींचा ढीग काठीला कळू लागला.

पण आपण कुठे आहोत हे तिला काठीशिवाय कळत होतं. बेट उत्तर-दक्षिण लांबट आहे. पश्चिमेला लगूनचं शांत पाणी, आणि लाट फुटते ती लांब, प्रवाळाच्या भिंतीवर. तिचा आवाज जात्यासारखा, अखंड. पूर्वेला लाट थेट किनाऱ्यावर आपटते आणि मागे जाताना प्रवाळाचे खडे खरखरत ओढून नेते. गल्लीच्या मध्यावर उभं राहून ती सांगायची, इकडे लगून, इकडे समुद्र. मी विचारलं, पावसाळ्यात दोन्हीकडे गर्जना होत असेल, तेव्हा काय करतेस? ती म्हणाली, “तेव्हा वारा असतो ना, टीचर. शाळेत जाताना डाव्या गालावर लागतो.” मी ते वहीत लिहून घेतलं, काठीच्या धड्याच्या वरच.

एवढं सगळं कळणाऱ्या या मुलीला एक गोष्ट मात्र माहीत नव्हती. आपलं बेट कोणत्या आकाराचं आहे, ती. इतर मुलांनी नकाशात पाहिलेलं, जहाजावरून पाहिलेलं. हिला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण कुणाच्या डोक्यातच आलं नाही. चारी बाजूंनी पाणी असं ऐकून तिने ते ताटासारखं गोल धरलं होतं.

सरांनी आणि वर्गातल्या मुलांनी मिळून नकाशा केला. जहाजातून आलेल्या खोक्याचा पुठ्ठा, किनारा म्हणून चिकटवलेला काथ्या, लगूनला बारीक वाळू, भिंतीला प्रवाळाचे कण, शाळेला कवडी, तिच्या घराला शर्टाचं बटण. तिने एका बोटाने काथ्यावरून पूर्ण फेरी मारली आणि पुन्हा सुरुवातीला आली. मग दुसऱ्या बाजूने. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “माशासारखं आहे.” आणि थोड्या वेळाने, “म्हणजे आमचं घर शेपटीजवळ.” वर्गातली मुलं भोवती गोळा झाली होती, एकेकाला डोळे मिटून फेरी मारायची होती. तिने सगळ्यांना रांगेत उभं केलं.

नंतर तिने सरांना विचारलं, याच मापाने वन्करा केवढी होईल? बेटावरचे लोक मुख्य भूमीला वन्करा म्हणतात. सर म्हणाले, “काथ्या पुरायचा नाही.” ज्या बेटावर काथ्याला तोटा नाही तिथे हे उत्तर ऐकून ती विचारात पडली.

परवा तिचं पत्र आलं. जुलैत लिहिलेलं, जहाज मिळेपर्यंत तिथेच राहिलेलं. दिनदर्शिकेच्या पानावर, पाटीवर मल्याळममध्ये टोचलेलं. मी ब्रेल डोळ्यांनी वाचते. त्यासाठी कागद खिडकीपाशी तिरपा धरावा लागतो, म्हणजे ठिपक्यांच्या सावल्या पडतात. दमट हवेने पुष्कळ ठिपके बसले होते. जेवढं लागलं तेवढं असं. नकाशाच्या वरच्या टोकाचा काथ्या सुटला होता, सरांनी परत चिकटवला. चौथीतला तो मुलगा दुपारी जागा बदलायला विसरत नाही, कधी विसरला तर वर्गातलं कुणीतरी आठवण करतं. मी पुढच्या वेळी येताना वन्कराच्या किनाऱ्याचं माप आणावं.

शेवटच्या ओळीत एक शब्द मला लागत नाही. ‘वर्गात आता’ एवढं स्पष्ट आहे, शेवटी ‘फार येत नाही’ हेही. मधल्या शब्दाचा सुरुवातीचा ‘वे’ शाबूत आहे, शेवटचा ‘म्’ आहे, आणि त्यांच्यामध्ये उजवीकडचे तीन ठिपके ठळक उभे, ‘ळ’. बाकीचा कागद सपाट. वेळ्ळम् असेल तर पाणी. छप्पर शाकारलं असेल, गळायचं थांबलं असेल. वेळिच्चम् असेल तर उजेड. दारावर पडदा लावला असेल त्या मुलासाठी. मी सकाळपासून तीनदा कागद खिडकीपाशी नेला, अंगठ्याने चाचपून पाहिला. बुधवारी जहाज आहे. पत्र बॅगेत वरच ठेवलं आहे, तिला वाचून दाखवायला सांगेन.